सागाचें एकत्र कुटुंब

मुंबईच्या गोदींत १८१७ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत एक लढाऊ जहाज पाण्यांत उतरलें. वाडिया घराण्यांतील जमशेटजी बमनजी यांच्या देखरेखीखालीं तें बांधलें गेलें होतें आणि त्याचें नांव ‘ट्रिंकोमाली’ असें ठेवण्यांत आलें. जहाजाचें लांकूड मलबारचें सागवान होतें. त्याच्या बरोबरीचीं ओक लांकडाचीं इंग्रजी जहाजें बहुतेक कुजून किंवा मोडून केव्हांच नाहींशीं झालीं. परंतु ‘ट्रिंकोमाली’ दोनशें वर्षें उलटून गेल्यावरही इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरांत आज तरंगत आहे. आपल्याकडील जुन्या वाड्यांचे खांब, तुळया आणि दारांच्या चौकटी यांचीही साक्ष हीच आहे.

सागानें हा टिकाऊपणा माणसाच्या उपयोगासाठीं मात्र संपादन केलेला नाहीं. सुताराची करवत लागण्यापूर्वीं साठ-सत्तर वर्षें तो वृक्ष एकाच जागीं उभा असतो. जनावराला ऊन लागलें तर तें सावलींत जातें, पाणी आटलें तर कळप नदीकडे वळतो, दुष्काळांत माणूस गांव सोडतो. वृक्षाला पाय नाहींत. गडचिरोलीकडील आलापल्लीच्या रानांतल्या सागाला वैशाखांतलें ४५ अंशांचें ऊन, आषाढांतला धो धो पाऊस, पौषांतली थंडी, शिवाय वाळवी, बुरशी आणि पानें कुरतडणारे किडे, हें सर्व त्याच चार हात जमिनीवर उभें राहून सोसावें लागतें. तो तें कसें सोसतो, या प्रश्नाचें उत्तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वनस्पतिशास्त्रज्ञांनीं बऱ्याच अंशीं शोधून काढलें आहे. आणि एकत्र कुटुंबाची ज्याला ओळख आहे त्याला तें उत्तर परकें वाटणार नाहीं.

प्रथम, वृक्षावर आपत्ति आली असतां त्याच्या शरीरांत काय घडतें तें पाहूं. पाऊस सरला आणि माती सुकूं लागली कीं झाडाच्या मुळांत व पानांत ॲब्सिसिक आम्ल नांवाचें एक द्रव्य वाढूं लागतें. पानाच्या पाठीवर असंख्य सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांना पर्णरंध्रें म्हणतात. प्रत्येक रंध्राच्या दोहों बाजूंस ओंठांसारख्या दोन पेशी असतात. वरील द्रव्याचा निरोप पोंचला कीं त्या पेशींतील क्षार आणि पाणी बाहेर पडतें, पेशी ढिल्या पडतात आणि ओंठ मिटतात. पाणी वांचतें खरें, परंतु ज्या कार्बन डाय ऑक्साइड वायूपासून पान अन्न तयार करतें तो वायुही त्याच दारानें आंत यावयाचा असतो. दार मिटलें म्हणजे तोही बाहेर राहतो. तहान भागवावयाची तर उपाशी राहावें, अशी ही अडचण आहे. कोरड लांबली तर साग शेवटीं पानेंच टाकून देतो. उन्हाळ्यांत उघडा-बोडका दिसणारा साग पाहून नवख्या माणसास तो वाळला असें वाटतें. पण तो वाळलेला नसतो, त्यानें खर्च कमी करून घर चालविलेलें असतें.

उष्णतेचा प्रकार निराळा. सजीवांच्या पेशींतील बहुतेक कामें प्रथिनें करतात, आणि प्रत्येक प्रथिन विशिष्ट रीतीनें घडी घातलेलें असतें. उकळत्या पाण्यांत अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो आणि पुन्हां पातळ होत नाहीं, तें त्यांतील प्रथिनांच्या घड्या विसकटल्यामुळें. झाडाच्या पेशींवरही कडक उन्हांत असाच प्रसंग ओढवतो. त्या वेळीं पेशी कांहीं साहाय्यक प्रथिनें झपाट्यानें तयार करते. विसकटूं पाहणाऱ्या प्रथिनांना सांवरून धरणें हें त्यांचें काम. फेरुच्चो रितोस्सा या इटालियन शास्त्रज्ञास १९६२ सालीं फळमाशीच्या पेशींत या संरक्षक योजनेची पहिली खूण दिसली. पुढें ही योजना माणसापासून वृक्षापर्यंत सर्वत्र आढळली. या प्रथिनांना उष्माघात-प्रथिनें असें नांव पडलें.

हीं सर्व प्रथिनें बनविण्याचा हुकूम कोठून सुटतो? प्रत्येक पेशींत डी. एन. ए. नामक द्रव्याचे लांब धागे असतात. त्या धाग्याचा जो तुकडा एखाद्या प्रथिनाची कृति सांगतो त्याला जनुक म्हणतात. झाडाच्या पानांत, मुळांत, सालींत, सगळीकडे तोच संपूर्ण ग्रंथ असतो. परंतु कोणत्या ठिकाणीं व कोणत्या वेळीं कोणतें कलम वाचावयाचें, हें ठरविणारीं कांहीं कारभारी जनुकें असतात. तीं स्वतः कष्टाचें काम करीत नाहींत. इतरांना जागें करणें किंवा थोपवून धरणें, एवढेंच त्यांचें काम.

आतां मुख्य मुद्दा. या ग्रंथाची पिढ्यान् पिढ्या नक्कल होत असतांना, दमलेल्या नकलनविसाच्या हातून व्हावें तसें, कधीं कधीं एखादें कलम दोनदां उतरलें जातें. क्वचित् सबंध ग्रंथच दुहेरी होतो. वरवर पाहतां ही चूक. परंतु सुसुमु ओनो या जपानी वंशाच्या शास्त्रज्ञानें १९७० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, जीवसृष्टींत जें नवें निर्माण झालें त्याचा मोठा भाग या चुकीच्या पोटीं जन्मला आहे. थोरला भाऊ शेत सांभाळीत असला म्हणजे धाकट्याला घर सोडून नवी विद्या शिकण्यास मोकळीक मिळते. तसेंच येथें होतें. मूळ जनुक जुनें काम करीत राहतें, म्हणून दुसऱ्या प्रतीत थोडा फेरफार झाला तरी झाडाचें अडत नाहीं. अशा बहुतेक प्रती कालांतरानें निकामी होऊन नष्ट होतात. थोड्यांना मात्र नवें काम सांपडतें. एक मुळांत जागी होते, दुसरी पानांत. एक उन्हाळ्यांत उठते, दुसरी खाऱ्या मातींत. लक्षावधि वर्षांनंतर एकाच मूळ पुरुषाचे हे वंशज एकत्र पाहिले तर चेहरेपट्टी सारखी आणि धंदे मात्र वेगवेगळे, असें दृश्य दिसतें. शास्त्रज्ञ त्याला जनुक-कुटुंब म्हणतात.

वृक्षांच्या घरांत हीं कुटुंबें किती मोठीं आहेत याची कल्पना २००६ सालीं आली. अमेरिकेंतील वॉशिंग्टन संस्थानांत निस्क्वाली नदीकांठच्या एका पॉप्लर वृक्षाचा समग्र जनुकसंच त्या वर्षीं प्रसिद्ध झाला. वृक्षजातींत हा पहिलाच. त्या वेळच्या मोजणीप्रमाणें त्यांत ४५,००० हून अधिक जनुकें भरलीं. आणि पुरातन काळीं सबंध ग्रंथ दुहेरी झाल्यानंतर टिकून राहिलेल्या जनुकांच्या सुमारें ८,००० जोड्या त्यांत ओळखतां आल्या. पाण्याचे कण पेशीच्या आंत-बाहेर सोडणाऱ्या ॲक्वापोरिन नांवाच्या प्रथिनांचेंच उदाहरण घ्या. यांचा शोध पीटर आग्र यांनीं १९९२ सालीं लावला आणि त्याबद्दल त्यांना २००३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. माणसाच्या शरीरांत या कुटुंबाचीं १३ जनुकें आहेत. अरेबिडॉप्सिस नांवाच्या, मोहरीच्या कुळांतल्या वीतभर रोपांत ३५ आहेत. आणि पॉप्लर वृक्षांत ५५, असें कानपूरच्या आय. आय. टी. मधील संशोधकांनीं २००९ सालीं दाखवून दिलें. माणूस तहान लागली कीं माठाकडे जातो. झाडाला आहे त्याच पाण्याचा हिशेब ठेवावा लागतो, आणि त्यासाठीं पाणके पुष्कळ लागतात.

निलगिरीच्या झाडाचा जनुकसंच २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारें एक-तृतीयांश जनुकें शेजारीं शेजारीं उतरलेल्या प्रतींच्या रांगांत बसलेलीं आढळलीं. ज्या तेलाचा वास सर्दीच्या औषधांत येतो तशीं द्रव्यें बनविणारें कुटुंब अरेबिडॉप्सिसमध्यें तीस-बत्तीस जनुकांचें आहे. निलगिरींत तें शंभराच्या वर गेलेलें आहे. हीं द्रव्यें त्या झाडाचें किड्यांपासून रक्षण करतात.

सागाची पाळीही लवकरच आली. कोइमतूर येथील वन-आनुवंशिकी व वृक्षप्रजनन संस्थेंतील संशोधकांनीं २०१८ सालीं सागाचा जनुकसंच प्रसिद्ध केला. त्यांत सुमारें ३६,००० जनुकें मोजलीं गेलीं. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतून प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या वाचनांत ही संख्या सुमारें ३१,००० भरली. अशा मोजणींत पद्धतीप्रमाणें फरक पडतो. परंतु शेजारीं शेजारीं झालेल्या प्रतींना सागाच्या रक्षक द्रव्यांच्या निर्मितींत महत्त्व आहे, हें या दुसऱ्या वाचनांत स्पष्ट झालें. सागाचें कोंवळें पान तळहातावर चोळलें तर हात लाल होतो, हें रानांत हिंडलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. त्याच्या खोडाच्या गाभ्यांत टेक्टोक्विनोनसारखीं द्रव्यें सांठतात, त्यांमुळें वाळवी गाभ्याच्या वाटेस सहसा जात नाहीं. सालीलगतच्या फिकट लांकडांत हीं द्रव्यें नसतात, आणि तेवढा भाग वाळवी खुशाल खाते. ‘ट्रिंकोमाली’ला तारणारें कवच सागानें आपल्याच शत्रूंसाठीं घडविलेलें होतें.

मोठ्या कुटुंबाचा आणखी एक गुण आहे. घरांतला एक माणूस अंथरुणास खिळला तरी चूल विझत नाहीं. वनस्पतींच्या या गुणानें शास्त्रज्ञांनाही पुष्कळ वर्षें चकविलें. ॲब्सिसिक आम्लाचा शोध १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत लागला होता. परंतु त्याचा निरोप पेशींत घेतो कोण, हें कांहीं केल्या सांपडेना. शोधण्याची नेहमींची रीत अशी कीं, एकेक जनुक निकामी करावें आणि कोणतें काम बंद पडतें तें पाहावें. येथें एक निकामी केलें तरी झाड पूर्ववत् चालत राही. अखेर २००९ सालीं उलगडा झाला. निरोप घेणारा एक नव्हता. अरेबिडॉप्सिसमध्यें तीं चवदा भावंडें होतीं. एकानें काम सोडलें तर दुसरें तें उचलीत होतें. चाळीस वर्षें जें रहस्य वाटलें तें वास्तविक कुटुंबाचें परस्परसाहाय्य होतें.

लांकडाच्या बाबतींतही हेंच दिसून आलें. कारभारी जनुकांचें ‘नॅक’ या नांवाचें एक कुटुंब केवळ वनस्पतींत आढळतें. अरेबिडॉप्सिसमध्यें त्याचीं शंभराहून थोडीं अधिक जनुकें आहेत. पॉप्लरमध्यें २०१० सालीं तीं १६३ मोजलीं गेलीं. त्यांपैकीं कांहीं जनुकें पेशीच्या भिंती जाड व कठीण करण्याचा, म्हणजेच लांकूड घडविण्याचा हुकूम देतात. जपानांतील संशोधकांनीं २००७ सालीं अरेबिडॉप्सिसमध्यें अशा दोन भावंडांपैकीं एकेक निकामी करून पाहिलें, तेव्हां खोडाच्या धाग्यांत फारसा बिघाड झाला नाहीं. दोन्ही एकदम निकामी करतांच त्या धाग्यांच्या भिंती जाड होईनात. आणि विशेष हें कीं, याच ‘नॅक’ कुटुंबांतील दुसरीं कांहीं जनुकें कोरड, खार आणि थंडी यांच्या वेळीं जागीं होतात. ज्या घराण्यानें वृक्षाला कणा दिला त्याच घराण्यानें त्याला सोशिकपणाही दिला आहे. लांकूड आणि सहनशक्ति या दोन गोष्टी आपण निराळ्या समजतों; वृक्षाच्या घरांत त्या चुलतभावंडें आहेत.

येथें एक शंका सहज मनांत येते. संकटाशीं झुंजणारें जनुक ओळखूं आलें, तर तेंच सदैव जागें ठेवून सागाला दुष्काळाची भीति का उरूं द्यावी? हा प्रयोग जपानी शास्त्रज्ञांनीं अरेबिडॉप्सिसवर केला आणि १९९९ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ‘ड्रेब’ नांवाच्या कुटुंबांतील एक कारभारी जनुक त्यांनीं कायम जागें ठेवलें. रोप कोरडीस, खारीस आणि थंडीस चिवट झालें हें खरें. परंतु तें खुजें राहिलें. दारावर रात्रंदिवस दहा पहारेकरी बसविले तर चोरी होणार नाहीं, पण पगार देतां देतां घर बसेल, तसा हा प्रकार. मग त्यांनीं युक्ति बदलली. तेंच जनुक संकट आल्यावरच जागें व्हावें अशी योजना केली, तेव्हां रोपाची वाढ फारशी खुंटली नाहीं आणि चिवटपणाही राहिला. जनुक जितकें महत्त्वाचें तितकेंच तें केव्हां उठतें आणि केव्हां निजतें हेंही महत्त्वाचें. वृक्षांच्या कुटुंबांत हें वेळापत्रक अनेक युगांच्या अनुभवानें बसलेलें आहे.

हा विषय प्रयोगशाळेपुरता राहिला असता तर त्याची चर्चा पंडितांवर सोंपवितां आली असती. परंतु सागाची लागवड हा सरकारचा, शेतकऱ्याचा आणि आतां शहरांतल्या गृहस्थाचाही व्यवहार झाला आहे. १९९० नंतरच्या दशकांत सागलागवडीच्या नांवाखालीं अनेक कंपन्यांनीं मध्यमवर्गीय कुटुंबांकडून पैसे गोळा केले. थोड्या वर्षांत झाड तयार होईल आणि हजाराचे लाख होतील, अशीं आश्वासनें दिलीं गेलीं. पुष्कळांच्या पदरीं निराशा आली. त्या व्यवहारांत लबाडी किती होती याचा विचार न्यायालयांचा. पण एक अज्ञान मात्र सर्वांचेंच होतें. लहान वयाच्या झाडांत गाभ्याचा वांटा थोडा असतो. तो वाढतो वयाबरोबर. जाडी घाईनें आणतां येते, गाभा घाईनें येत नाहीं.

याहून खोल प्रश्न निराळाच आहे. रोपवाटिकांत आज उत्तम, सरळसोट, झपाट्यानें वाढणारा एखादा साग निवडून प्रयोगशाळेंत त्याच्या तुकड्यांपासून हजारों रोपें तयार करतां येतात. निवड करणें हें पाप नव्हे. शेतकरी बियाणें निवडतोच. परंतु अशीं सर्व रोपें एका झाडाच्या हुबेहूब प्रती असतात. त्या झाडाच्या कुटुंबांत जें भावंड दुबळें असेल तें या हजारों झाडांत सारखेंच दुबळें असणार. नैसर्गिक रानांत तसें नसतें. तेथें शेजारच्या दोन सागांत एकाच जनुकाचीं रूपें थोडीं भिन्न असतात. एकाला कोरड जास्त सोसते, दुसऱ्याला कीड. अवर्षणाचें साल आलें तर कांहीं मरतील, कांहीं टिकतील, आणि रान उभें राहील. एकाच सागाच्या बागेंत मात्र जगलें तर सर्वच जगेल, नाहीं तर सगळी आळी एकाच रात्रीं उजाड होईल.

शेतांत जोंधळा चुकला तर पुढल्या वर्षीं दुसरें बीं पेरतां येतें. सागाची चूक कळावयास पन्नास वर्षें लागतात. केरळांत निलंबूर येथें मलबारचे कलेक्टर कॉनॉली आणि त्यांचे सहकारी चातु मेनन यांनीं १८४० नंतरच्या दशकांत सागाची जी लागवड सुरू केली तिच्यांतील कांहीं झाडें अजून उभीं आहेत. लावणाऱ्यांना तीं पूर्ण वाढलेलीं पाहावयास मिळालीं नाहींत. आज जें रोप जमिनींत जाईल तें या शतकाच्या शेवटच्या चरणांत तोडणीस येईल. उन्हाळे अधिक तापत चालले आहेत आणि पाऊस लहरी होत आहे. तेव्हां त्या झाडाला कोणत्या प्रसंगाला तोंड द्यावें लागेल हें आजच्या निवड करणाऱ्यास पाहतां येत नाहीं. जो प्रसंग पाहतां येत नाहीं त्यासाठीं तयारी करण्याचा मार्ग एकच, आणि तो वृक्षांनीं स्वतःच दाखविला आहे: घरांत नाना प्रकारचीं माणसें असूं द्यावींत.

व्यवहारांत याचा अर्थ अवघड नाहीं. बीं एकाच नामांकित झाडाचें न घेतां निरनिराळ्या रानांतील अनेक मातृवृक्षांचें घ्यावें. निवडक सागाच्या प्रती लावावयाच्या तर त्या एकाच्या न लावतां अनेकांच्या मिसळून लावाव्यात. पहिल्या दहा वर्षांच्या घेरावरून झाडाची परीक्षा करूं नये. दोन-तीन वाईट उन्हाळे त्यानें कसे काढले तेंही पाहावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे आलापल्लीसारखीं सागाचीं जुनीं नैसर्गिक रानें केवळ लांकडाचीं कोठारें न समजतां बियाण्याचीं कोठारें समजावींत. भारतांतील नैसर्गिक सागांत आनुवंशिक विविधता विशेष आढळते, ही आपल्याकडची वडिलोपार्जित मिळकत आहे. लिलावाच्या वखारींत तिचा भाव लागत नाहीं, म्हणून ती विकली जात असल्याचें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तोडलेला साग पुन्हां लावतां येतो. रानाबरोबर नाहींसें झालेलें जनुकाचें एखादें रूप पुन्हां लावतां येत नाहीं.

आपल्या समाजांत एकत्र कुटुंबें मोडलीं याबद्दल कोणी हळहळतात, कोणी समाधान मानतात. तो वाद निराळा. सागाच्या बाबतींत वादाला जागा नाहीं. एका कर्त्या पुरुषावर घर चालविण्याचा धडा त्यानें कधीं घेतला नाहीं. ज्या भावंडांचा सुकाळांत कांहींच उपयोग दिसत नाहीं त्यांनाही त्यानें पिढ्यान् पिढ्या सांभाळलें, आणि दुष्काळांत तींच त्याच्या उपयोगीं पडलीं. साग लावणाऱ्यांनींही हाच हिशेब ठेवला, तर आणखी दोनशें वर्षांनीं कोणा सुताराला आजच्या इतकेंच चांगलें लांकूड मिळेल.